जचकीनंतर लगेच तांबी: बायका ‘नाही’ म्हणतात, तेव्हा आपलं काय चुकतं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तुम्ही नागपूर जिल्ह्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयात दोन महिन्यांपूर्वी लेबर रूमला स्टाफ नर्स म्हणून रुजू झालात. जचकीनंतर लगेच तांबी, म्हणजे पाळणा लांबवायला गर्भपिशवीत ठेवायची कॉपर-टी, बसवण्याचं प्रशिक्षण घेतलंय. बाई कळा देत दाखल झाली की केसपेपर भरतानाच तुम्ही तिला तांबीचं विचारता. दहापैकी आठ-नऊ जणी ‘नाही’ म्हणतात. ज्या ‘हो’ म्हणतात त्यांच्यातल्याही काही जणी महिन्या-दीड महिन्याने ‘काढून द्या’ म्हणून परत येतात. वरून दर महिन्याला आकडा मागितला जातो. यात माझं काय चुकतं, असं तुम्ही विचारलंय.

सिस्टर, मी बत्तीस वर्षं नागपुरात बाळंतपणं करते आहे, सरकारी आणि खाजगी दोन्हीकडे. तुमचा हात चुकत नसावा, विचारण्याची वेळ चुकते आहे. केसपेपर भरताना, कळा चालू असताना विचारलेला प्रश्न हा प्रश्नच नसतो. त्या वेळी बाईला एकच गोष्ट कळत असते, की हे दुखणं कधी संपणार. त्या घटकेला ती ‘हो’ म्हणाली तरी तो होकार धरू नये आणि ‘नाही’ म्हणाली तरी तो नकार कायमचा समजू नये. नियमही तेच सांगतो: ऐन कळांमध्ये किंवा गुंगीच्या औषधाखाली असताना संमती घ्यायची नाही.

हे मी पुस्तकातून शिकले नाही. साधारण बारा-तेरा वर्षांपूर्वीची गोष्ट, जचकीनंतरच्या तांबीचा कार्यक्रम तेव्हा नुकता जोर धरत होता. एका रुग्णालयात मी पारशिवनीकडच्या एका मुलीचं सीझर केलं. रात्रीची वेळ, बाळाचे ठोके कमी झालेले, धावपळ. पाच-सहा कागदांवर तिच्या आणि नवऱ्याच्या सह्या झाल्या, त्यात तांबीचाही कागद होता. सीझर करताना मी तांबी ठेवली. अडीच वर्षांनी ती माझ्याकडे आली, मूल राहत नाही म्हणून. तोवर दोन ठिकाणी दाखवून झालं होतं, देवाधर्माचं करून झालं होतं, सासरचे टोचून बोलत होते. सोनोग्राफी केली तर गर्भपिशवीत तांबी, मीच ठेवलेली. तिला कुणी सांगितलंच नव्हतं. म्हणजे कागदावर सांगितलं होतं, तिला नाही. मी तिची माफी मागितली, तांबी काढली. तिने मला काहीच म्हटलं नाही, फक्त विचारलं, “मॅडम, मंग माह्यात काही खराबी नाही ना?” तो प्रश्न मी आजवर विसरू शकलेले नाही. त्यानंतर माझ्या हाताखालच्या प्रत्येक बाईला तांबी बसवण्याआधी मी तिच्या तोंडून ऐकून घेते, की तिला काय बसणार आहे आणि ते कधी काढता येतं.

मग विचारायचं कधी? पहिली वेळ गरोदरपणातल्या तपासणीची. सातव्या-आठव्या महिन्यात बाई येते तेव्हा रांग मोठी असते हे मला माहीत आहे, पण दोन मिनिटं काढा. आणि ‘तांबी बसवणार का?’ इथून सुरुवात करू नका. ‘हे झाल्यावर पुढचं लेकरू कधी हवं?’ असं विचारा. बाई हसते, लाजते, पण उत्तर देते. ‘दोन-तीन वर्षं तरी नाही बाप्पा’ हे उत्तर मी हजारदा ऐकलं असेल. तिला पाळणा लांबवायचाच असतो, तुम्ही तिला पटवायला बसलेल्या नसता. ती काय वापरू शकते एवढंच बोलायचं उरतं. तिने जे ठरवलं ते तपासणीच्या कार्डावर लिहा, म्हणजे रात्री दोन वाजता ड्यूटीवर असलेल्या दुसऱ्या सिस्टरला ते दिसेल.

दुसरी वेळ जचकीनंतरची, सुट्टी होण्याआधीची. तपासणीला एकदाही न आलेल्या, बुटीबोरीच्या कारखान्यांत कामाला आलेल्या कुटुंबातल्या, वीटभट्टीवरच्या, शिवनी-बालाघाटकडून थेट कळा घेऊन आलेल्या बायका आपल्याकडे कमी नसतात. त्यांच्याशी बोलायला हीच वेळ. वॉर्डात मात्र एकांत मिळत नाही. माझा अनुभव असा की टाके तपासताना पडदा ओढलेला असतो, नातेवाईक बाहेर असतात. ती पाच मिनिटं सोन्यासारखी असतात. टाके पाहून झाले की लगेच निघू नका, तिच्या पायाशी बसा आणि विचारा.

घरच्यांचं म्हणाल तर, “माह्या सासूले विचारा, मले काय विचारता” असं म्हणणारी बाई तुम्हाला रोज भेटेल. सासूला बाजूला सारून काम होत नाही आणि आधी सासूलाच विचारूनही होत नाही. आधी बाईचं मन एकटीला विचारा, मग तिचीच परवानगी घेऊन सासूशी बोला. पहिलटकरीण बहुतेक माहेरी आलेली असते, तेव्हा शेजारी तिची आई असते. आईशी बोलणं सोपं जातं, कारण लागोपाठच्या बाळंतपणांनी शरीर कसं खचतं हे तिने स्वतः भोगलेलं असतं. जागतिक आरोग्य संघटना सांगते की एका बाळंतपणानंतर पुढचे दिवस राहायला किमान २४ महिने जाऊ द्यावेत. त्याआधी दिवस राहिले तर आईचं रक्त भरून आलेलं नसतं, बाळ कमी दिवसांचं किंवा कमी वजनाचं होण्याची भीती वाढते आणि आधी सीझर झालं असेल तर जुन्या टाक्यावरचा धोकाही. आजीला हे आकड्यांत सांगू नका. ‘हिच्या अंगात रक्त किती आहे पाहा’ म्हणून रिपोर्टच दाखवा.

‘आमच्या येळी कुठं होतं असं काई, हे सरकारचं खूळ’ असं म्हणणाऱ्या आजीही असतात. नागपुरात आजीच्या गळ्यात बाबासाहेबांचं लॉकेट असेल तर मी तिला एक गोष्ट जरूर सांगते. समाजसुधारक र. धों. कर्व्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं १९२१ साली. आणि १९३८ साली मुंबईच्या विधानसभेत संततिनियमनाचा ठराव आला तो बाबासाहेबांच्या पक्षाकडून. त्या पक्षाचे आमदार रोहम यांनी तो मांडला, भाषण बाबासाहेबांनी तयार केलेलं होतं. बाळंतपणाच्या कळा पुरुषांना सोसाव्या लागल्या असत्या तर एकाहून जास्त मूल कुणीच होऊ दिलं नसतं, अशा अर्थाचं वाक्य त्या भाषणात आहे. ठराव पडला. पण हे सरकारी खूळ नाही, आपल्याच माणसांनी फार आधी मांडलेली गोष्ट आहे, हे आजीला पटतं. मी कित्येक आजींना हे ऐकून सुनेकडे वळून पाहताना बघितलंय.

आता तांबीकडे. वार पडल्यापासून १० मिनिटांच्या आत बसवली तर सगळ्यात चांगलं. ते जमलं नाही तर ४८ तासांपर्यंत बसवता येते. सीझरमध्ये वार काढल्यावर, पिशवी शिवण्याआधी ठेवता येते. ४८ तास उलटले की मात्र थांबायचं, सहा आठवड्यांनी बसवायची. पाणी जाऊन १८ तासांपेक्षा जास्त झाले असतील, ताप किंवा पिशवीच्या इन्फेक्शनची शंका असेल, रक्तस्राव आटोक्यात आला नसेल, तर बाईने कितीही आधी ‘हो’ म्हटलेलं असो, त्या दिवशी तांबी नाही. तिला तसं स्पष्ट सांगा आणि दीड महिन्यानंतरची तारीख द्या.

जचकीनंतर बसवलेली तांबी दीड महिन्यानंतर बसवलेल्या तांबीपेक्षा जास्त वेळा पडून जाते, हे खरं आहे. त्यातल्या बऱ्याच पडतात त्या वरपर्यंत न पोहोचल्यामुळे. जचकीनंतर पिशवी पुढच्या बाजूला कललेली असते, नवी सिस्टर चिमटा सरळ आत घालते, वाटेतच अडकते आणि तिला वाटतं पोहोचलो. म्हणून ‘केली’ (Kelly) नावाचा लांब चिमटाच वापरा, दुसरा हात पोटावर ठेवून पिशवी वर ढकला आणि चिमट्याचं टोक पोटावरच्या हाताला जाणवेपर्यंत सोडू नका. सोडल्यावर चिमटा उघडाच ठेवून एका बाजूने हळू बाहेर काढा, नाहीतर तांबी त्याच्यासोबत खाली सरकते. घाई करू नका, एवढंच मी प्रत्येक बॅचला सांगते.

आणि बाईपासून काही लपवू नका. महिनाभरात परत येणाऱ्या बायकांचं मूळ बहुतेक इथेच असतं. ‘काही त्रास होत नाही’ असं सांगून बसवलेली तांबी पहिल्याच जास्त गेलेल्या पाळीला काढली जाते. पहिले तीन ते सहा महिने पाळी जास्त जाऊ शकते, पोटात मुरडा येऊ शकतो, नंतर बहुतेकींचं कमी होतं, हे आधीच सांगा. तांबीचा दोरा खाली येऊ शकतो, आला तर ओढायचा नाही, दाखवायला यायचं. सीझरनंतर दोरा कित्येकदा दिसतच नाही, त्याचा अर्थ तांबी हरवली असा नसतो, सोनोग्राफीत कळतं. तांबी पडली तर ती कशी दिसते हे नमुना हातात देऊन दाखवा. मी ड्रॉवरमध्ये एक ठेवतेच. ‘तांबी काळजापर्यंत चढते म्हन्तात’ या भीतीवर भाषणाचा उपयोग नाही, ती इवलीशी वस्तू बाईच्या तळहातावर ठेवली आणि पिशवी ही बंद थैली आहे हे चित्र काढून दाखवलं की भीती निम्मी होते. ३८० ए तांबी १० वर्षं चालते, ३७५ वाली ५ वर्षं. पण आकडा सांगताना लगेच जोडा, की उद्या नको वाटली तर उद्याही निघते. काही बायका ‘दहा वर्षं’ ऐकूनच घाबरतात, त्यांना वाटतं दहा वर्षं काढताच येणार नाही.

दुधाबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण आपल्याकडे सगळ्यात जास्त फसगत इथेच होते. ‘अंगावर पाजतेय, पाळी आली नाही, मग दिवस कसे राहतील?’ हे अर्धं खरं आहे. बाळ सहा महिन्यांच्या आतलं, पाळी आलेली नाही आणि बाळाला फक्त आईचंच दूध, रात्रीसुद्धा, या तिन्ही गोष्टी एकत्र असतील तर दिवस न राहण्याची खात्री ९८ टक्क्यांच्या आसपास असते. तिन्हींपैकी एक सुटली की खात्री गेली. आता आपला एप्रिल-मे आठवा. पारा ४५ च्या वर, कूलरचा आवाज आणि घरातली प्रत्येक बाई म्हणते, “एवढ्या उन्हात लेकराले पानी नाही द्याचं?” चमच्याने पाणी सुरू होतं, मग घुटी, मग वरचं दूध. बाळाचं चोखणं कमी होतं आणि आईच्या शरीरात बीज पुन्हा सुटायला लागतं. बीज पाळीच्या आधी सुटतं, त्यामुळे एकही पाळी न येता दिवस राहतात. बाळ सात-आठ महिन्यांचं आणि पोटात तीन महिन्यांचा गर्भ, अशा बायका दर वर्षी आपण पाहतो. तेव्हा सुट्टी देताना हे दोन्ही एकत्र सांगा: आईचं दूध मिळत असेल तर नागपूरच्या उन्हातही सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला वेगळं पाणी लागत नाही आणि पाणी सुरू केलंच तर दुधाच्या भरवशावर राहू नका. बाळाला अंगावर पाजतच नसेल, तर चौथ्या आठवड्यातसुद्धा बीज सुटू शकतं. ‘सव्वा महिना झाला की पाहू’ हे त्या बाईच्या बाबतीत उशिराचं ठरतं.

तांबी नको म्हणणारीला पर्याय नाही असं होता कामा नये. तुमच्या प्रश्नात फक्त तांबीचाच उल्लेख आहे, हे मला खटकलं. ताटात एकच पदार्थ वाढला तर नको म्हणणारी उपाशीच उठणार. छाया गोळीत हार्मोन नाही, दूध पाजणारी बाई जचकीनंतर लवकरच सुरू करू शकते. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, मग आठवड्यातून एकदा. वार ठरवून द्या, रविवार-बुधवार असे, आणि कार्डावर लिहा. पाळी लांबते, तेव्हा दिवस राहिले असं वाटून घाबरू नको हेही सांगा. अंतरा हे हार्मोनचं इंजेक्शन दर तीन महिन्यांनी, पण पाजणाऱ्या बाईला सहा आठवड्यांनंतरच. त्याने पाळी अनियमित होते किंवा थांबते आणि बंद केल्यावर दिवस राहायला काही महिने लागतात. लवकर दुसरं हवं असलेलीला ते देऊ नका. माला-एन ही रोजची हार्मोनची गोळी मात्र पाजणाऱ्या बाईला सहा महिने नाही, दूध कमी होतं. निरोध वॉर्डातच द्या, नवऱ्याला आणायला सांगितलेला निरोध घरी पोहोचत नाही.

विदर्भात काम करताय म्हणून एक गोष्ट वेगळी सांगते. सिकलसेलचा, म्हणजे इकडे आढळणाऱ्या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचा, रिपोर्ट पाहिल्याशिवाय सल्ला देऊ नका. नुसती वाहक असेल, म्हणजे एएस पॅटर्न, तर कुठलंही साधन चालतं. एसएस पॅटर्नची, म्हणजे प्रत्यक्ष आजार असलेली बाई असेल आणि रक्त आधीच कमी असेल, तर जास्त पाळी तिला परवडत नाही. तांबी तिला अगदीच वर्ज्य नाही, पण अशा बाईला सहा आठवड्यांनंतर अंतरा जास्त सोयीचं पडतं, पाळीचं रक्तही वाचतं. तुमच्या मेडिकल ऑफिसरशी बोलून ठरवा. गुंतागुंत असेल तर तिला नागपूरच्या मेडिकल, मेयो किंवा डागा रुग्णालयात चिठ्ठी देऊन पाठवा, नुसतं तोंडी सांगून नाही.

नसबंदीच्या ऑपरेशनबद्दल तुम्ही विचारलं नाही, तरी दुसऱ्या-तिसऱ्या खेपेच्या बायका तेच मागतील. टाक्याचं ऑपरेशन जचकीनंतर सात दिवसांच्या आत होतं, दुर्बिणीचं सहा आठवड्यांनंतर. सही बाईची लागते, नवऱ्याची सही कायद्याने लागत नाही. बाळ एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात असेल तर मी घाई करत नाही. ज्या बाईचं बाळ अजून सुखरूप नाही, तिच्याकडून कायमचा निर्णय घेणं मला पटत नाही. आणि नसबंदीच्या शिबिरांची आठवण लोकांच्या मनात अजून ताजी आहे. २०१४ च्या नोव्हेंबरमध्ये छत्तीसगडच्या बिलासपूर जिल्ह्यात एका शिबिरात काही तासांत ८३ बायकांची ऑपरेशनं झाली आणि त्यानंतर डझनभराहून अधिक बायका दगावल्या. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने तीन वर्षांत अशी शिबिरं बंद करायला सांगितलं. छत्तीसगडच्या बायका आपल्याकडे येतात. त्यांनी भीती बोलून दाखवली तर ‘तसं काही होत नाही’ म्हणून ती उडवून लावू नका. इथे दिवसाला किती ऑपरेशनं होतात, साधनं कशी निर्जंतुक होतात, हे सांगा.

नवऱ्यांशीही बोला. ते संध्याकाळी डबा घेऊन गेटपाशी उभे असतात, त्यांच्याशी कुणी बोलतच नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशभरात स्त्रियांची नसबंदी ३७.९ टक्के आणि पुरुषांची ०.३ टक्के होती. नुकतंच पोट फाडून बाळ काढलेल्या बाईवर पुन्हा ऑपरेशन, आणि बिनटाक्याची, पंधरा-वीस मिनिटांची नसबंदी करून घ्यायला नवरा तयार नाही, हे पाहून मला दर वेळी वाईट वाटतं. विचारलं तर दहातला एखादा तयार होतो. त्याला सांगा की ताकद कमी होत नाही, आणि पहिले तीन महिने दुसरं साधन वापरावंच लागतं.

आता शेवटचं, ‘काढून द्या’ म्हणणाऱ्या बायकांचं. ती आली की आधी तिला बसायला सांगा, काय होतंय ते ऐका. दोरा पाहा, हिमोग्लोबिन पाहा. दुखणं आणि पाळी आटोक्यात आणणाऱ्या गोळ्यांनी काही जणींचं भागतं, तसं सांगून पाहा. पण एकदाच. तरी ती ‘काढा’ म्हणाली, तर त्याच दिवशी काढा. ‘नवऱ्याला घेऊन ये’, ‘पुढच्या महिन्यात ये’, ‘एवढी सरकारने फुकट दिली’ यातलं एकही वाक्य नको. काढल्यावर लगेच दुसरं काय हवं ते विचारा आणि हातात देऊनच पाठवा. उमरेडकडच्या एका बाईची तांबी मी तिसऱ्या आठवड्यात काढली, तेव्हा आमच्या सिस्टर नाराज झाल्या होत्या. पुढच्या वर्षी तीच बाई जावेला घेऊन आली. जावेला तांबी हवी होती, कारण ‘नको झाली तर काढून देतात’ हे तिने घरात पाहिलं होतं.

आकड्याचा ताण मला माहीत आहे, तो मीही झेललाय. तुमच्या वहीत ‘बसवल्या’ हा रकाना असणारच. त्याच्या शेजारी दोन रकाने स्वतःच आखा: ‘दीड महिन्याने दाखवायला आली का’ आणि ‘काढली असेल तर नंतर काय दिलं’. आमच्या वॉर्डात हे सुरू केलं तेव्हा मिटिंगमध्ये मी तिन्ही आकडे एकत्र वाचून दाखवू लागले. पहिल्या महिन्यात दुसरा रकाना जवळजवळ रिकामा होता, कारण बायकांना परत यायची तारीखच कुणी लिहून दिली नव्हती. तारीख कार्डावर आली, आशाताईंना फोन गेले, तसा तो रकाना भरायला लागला.